पी ए पी

मासेरूहून आलेल्या पांढऱ्या गाडीच्या दारावर
तीनच अक्षरं होती.
मागच्या वर्षीच्या गाडीवरही हीच.
त्या गाडीनं बियाणं वाटलं होतं,
म्हणून न्ताते सेखोबे रिकामं पोतं घेऊन आला,
अंगावरच्या ब्लँकेटच्या आत घडी घालून,
मागायला आलोय असं दिसू नये म्हणून.

शाळेच्या पटांगणात, पीचच्या झाडांखाली सभा.
साहेब म्हणाला, ते दारिद्र्याचं होतं,
ते खातं बंद झालं. हे धरणाचं.
यात पी ए पी म्हणजे तुम्ही.
प्रकल्पानं बाधित झालेली व्यक्ती.
शेजारची बाई चष्मा पुसत म्हणाली,
परिशिष्ट पाचमध्ये मात्र
ती पूर्वमंजुरीची पद्धत आहे.
तेव्हा पी ए पीनं पी ए पी पाळली नसेल
तर पी ए पीला पैसे मिळणार नाहीत.
कुणी हसलं नाही.
एक घोडं तेवढं फुरफुरलं.

मी वहीवाला.
नावं लिहायची, अंगठे घ्यायचे,
झाडं मोजायची : फळाला आलेलं, न आलेलं.
माझ्या भाषेत या लोकांना शब्द आहे, प्रकल्पग्रस्त.
सूर्य ग्रस्त होतो, तसे.
पण सूर्य सुटतो,
लोक आंघोळी करून जेवायला बसतात.
तो शब्द मी कुणाला सांगितला नाही.
हेही नाही सांगितलं, की आमच्याकडे
ही अक्षरं सलग वाचली
आणि मधे नुसता काना टेकवला
की काय होतं.

मखोत्सोची पाळी आली.
तिला वाचता येत नव्हतं, बघता येत होतं.
फॉर्म लांब धरून म्हणाली,
दोन पोट सुटलेले बाप्ये
आणि मधे माझं झोपडं, आढ्यासकट.
पहिला घराकडे तोंड करून उभा आहे.
दुसऱ्यानं पाठ फिरवलीय.
याच क्रमानं येतात ते.

मग विचारलं, आणि पापाचं काय?
पापा म्हणजे तिथला मक्याचा घाटा,
बोटांनी तोडून पालेभाजीशी खायचा.
मिळेल ना, साहेब म्हणाला,
शेताच्या बदल्यात वर्षाला पोती, पन्नास वर्षं.
एकावन्नाव्या वर्षी?
साहेबानं पाणी प्यायलं.

गोठ्यामागं माझा नवरा आहे, ती म्हणाली,
मोलेफी. नऊ वर्षं झाली त्याला पुरून.
पाणी तिथवर येणार म्हणता.
तो बाधित की नाही?

साहेबानं धोरण चाळलं,
पुढून मागं, मागून पुढं.
व्याख्या पान तीनवर सापडली :
व्यक्ती म्हणजे
जी मोजणीच्या दिवशी जागेवर हजर होती ती.

तो हजरच असतो, मखोत्सो म्हणाली.
जातोय कुठं.

रात्री तिच्याकडंच जेवलो.
नातीनं, पुलेंगनं, पापा वाढला,
माझी बोटं भाजली, मी हात झटकला,
आणि सगळी हसली, त्या दिवसात पहिल्यांदा.
सेखोबेही होता.
त्याचं पोतं त्यानं शेवटी बसायला घेतलं होतं.

चारशे सतरा क्रमांकापुढं मी मोलेफी लिहिलं.
वय विचारलं, तर म्हणाली, थांबलंय.
रकाना मोकळा ठेवला.
अंगठा तिनंच उठवला, जोर देऊन.
म्हणाली, त्याचाच आहे.

तीन आठवड्यांनी मासेरूहून पत्र :
संक्षेपाचा अर्थ संदर्भानुसार घ्यावा.
क्रमांक ४१७ कोणत्या अर्थानं,
ते उलटटपाली कळवावं.

आता तिथं पाणी आहे. फोटोत निळं दिसतं.
वही माझ्याकडं राहिली,
अंगठा फिका झाला तरी रेषा मोजता येतात.
मी अजून कळवलेलं नाही.